कारण विचारायचं नाही

नेटी हाव्रिलुकला खुर्चीत बसलेली पाहिली, असं शपथेवर सांगणारा माणूस आमच्या विभागात सापडायचा नाही. मीटिंग असली की ती दाराला टेकून उभी. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पिरोहीचा, म्हणजे उकडलेल्या युक्रेनियन करंज्यांचा, डबा, आणि दुसऱ्या हातानं कुठल्यातरी फावड्याचा सैल दांडा ठोकणं चालू. ही पायाला भिंगरी बांधूनच जन्मली असं तिची आई म्हणायची, आणि बाई काही खोटं बोलणारी नव्हती. नेटीचं लग्न झालं, ते टिकलं नाही. नवरा भला होता बिचारा, पण त्याला संध्याकाळी टीव्हीसमोर सोबत लागायची, आणि ही तेव्हा छपरावर चढून पन्हळीतला पाला काढत असायची. शेवटी तो विनिपेगला निघून गेला. जानेवारीतल्या त्यांच्या युक्रेनियन नाताळला अजून कार्ड पाठवतो.

अशा बाईला विद्यापीठानं काम काय द्यावं? वाट बघायचं!

नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग असं आमचं भारदस्त नाव. माती, गवत, पाणी, किडे, हरणं, ज्याला कुठे थारा नाही ते सगळं आमच्या गळ्यात. इमारतीच्या मागे एक टेकडी आहे, कधीच नांगर न लागलेली, जुन्या गवताची. मॅनिटोबात अशी जमीन आता शोधावी लागते. हे गवत जगवायचं तर अधूनमधून जाळावं लागतं. नाहीतर झुडपं माजतात आणि गवत स्वतःच्याच वाळक्या कचऱ्याखाली गुदमरून मरतं. जाळायचं तेही वसंतातच, बर्फ गेल्यावर आणि हिरवा कोंब वर यायच्या आत. त्यात वारा दक्षिणेचाच हवा, म्हणजे धूर पलीकडच्या दलदलीत जातो. उत्तरेचा असला तर सगळा धूर हायवेवर, आणि पश्चिमेचा असला तर गाईंच्या गोठ्यात. हवा फार ओली नको, फार कोरडीही नको. हे सगळं जुळलं की नाही ते ठरवणारी आणि पहिली आग लावणारी बाई म्हणजे नेटी.

एप्रिल उजाडला की तिची झोप उडायची. पार्किंगमध्येच खिशातून हवेतला ओलावा मोजायचं ते ओल्या-कोरड्या थर्मामीटरचं भिरभिरं काढायची, डोक्यावर गरागरा फिरवायची, आकडा वाचायची आणि एक अस्सल युक्रेनियन शिवी हासडायची. विद्यार्थी तिला 'बाबा' म्हणायचे. युक्रेनियनमध्ये बाबा म्हणजे आजी. "कुणाची रे बाबा? मला एक पोर झालं नाही, नातवंडं कुठून आणलीत?" असं ती खेकसायची, आणि हाक आली की सगळ्यात आधी वळायची.

त्या वर्षी तर तिची तगमग बघवत नव्हती. जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. ब्रिटिश कोलंबियातल्या बहिणीनं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, मागे चेरीची बाग होती, आणि ये ये म्हणून फोनवर फोन चालले होते. नेटीचंही मन तिकडे लागलं होतं. पण त्याआधी एक काम राहिलं होतं, आणि ते काम म्हणजे सोल्वेगचा पट्टा.

सोल्वेग थोरस्टाइनसन ही गिमलीच्या एका कोळ्याची मुलगी. आमच्याकडे डॉक्टरेट करत होती. टेकडीवरचा एक पट्टा तीनदा जाळायचा, शेजारचा तसाच ठेवायचा, आणि जमिनीखाली मुळांचं काय होतं ते बघायचं, हा तिचा विषय. दोनदा जाळून झालं होतं. हा वसंत हुकला तर आणखी एक अख्खं वर्ष थांबायचं, आणि शिष्यवृत्ती तर त्याच उन्हाळ्यात संपत होती. घरी बाप म्हणत होता, गवत पेटवायला सहा सहा वर्षं कशाला लागतात गं, मी तर एका काडीपेटीत करून देतो. नेटीनं तिला सांगून टाकलं होतं, "घाबरू नकोस. जायच्या आधी तुझा पट्टा मी जाळून देईन. शब्द दिला." नेटीचा शब्द म्हणजे शब्द, हे टेकडीवरच्या उंदरांनाही ठाऊक होतं.

पण आभाळानं कुठे शब्द दिला होता! एप्रिल पावसात गेला. मे लागला तसं पुन्हा बर्फ पडलं. ते वितळलं तर उत्तरेचा वारा सुटला, तो थांबायचं नाव घेईना. नेटी रोज सकाळी टेकडीवर जाऊन वाळकं गवत हातानं बाजूला सारायची आणि खाली बघायची. एके दिवशी तिला खाली बारीक हिरवं दिसलं. तिनं ते पुन्हा झाकलं, जसं काही झाकल्यानं ते वाढायचं थांबणार होतं.

"अगं, गवताला काय दटावतेस?" क्लेमंट म्हणाला. क्लेमंट लाव्हाली आमची पाण्याची गाडी चालवतो. मेटी, म्हणजे फ्रेंच आणि आदिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांपैकी, जन्म इथलाच. "मी मेटी, ही नेटी, आमची जोडी देवानंच जुळवली," हा त्याचा ठरलेला विनोद. त्याच्या उजव्या कानाची पाळी जागेवर नाही.

त्या पाळीमुळेच आमच्याकडे एक रीत पडली आहे. पूर्वी आग लावण्याचं काम दुसऱ्या एका मुकादमाकडे होतं. नेटी तेव्हा नुसती मदतनीस. एका दुपारी सगळी तयारी झाली, आणि क्लेमंट म्हणाला की मला हे बरं वाटत नाहीये. मुकादम म्हणाला, "का? कारण सांग." क्लेमंटला सांगता येईना. वारा ठीक होता, ओलावा ठीक होता. सगळे हसले, 'नवरीसारखा लाजतोय' म्हणाले. तोही मग कामाला लागला. पुढे आग गवत कापून ठेवलेल्या कडेपलीकडे उडाली, आणि क्लेमंटच्या कानाची पाळी गेली ती गेली. नेटीच्या हाती कारभार आला तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, "काडी लावायच्या आधी मी एकेकाला विचारणार, हो की नाही. सगळ्यांचं हो आलं तरच आग. एक जरी 'नाही' आलं, तरी सामान उचलायचं आणि घरी जायचं. आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही." इतकी वर्षं ती विचारत आली. 'नाही' कुणी क्वचितच म्हटलं. कारण मात्र कुणी कधी विचारलं नाही.

शेवटी तो दिवस उगवला. सकाळीच वारा फिरला. दक्षिणेचा, संथ, एका दमाचा. नेटीनं भिरभिरं फिरवलं, वाचलं, पुन्हा फिरवलं. "क्लेमंट! गाडी भर! पोरांना हाक मार!" म्हणत ती जिन्यावरून अशी धावत सुटली की सचिवबाईंची कॉफी सांडली. वेधशाळेचा अंदाज होता की रात्रीपासून मोठा पाऊस. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

दुपारपर्यंत सगळे टेकडीवर. पट्ट्याभोवती गवत कापून, पाणी मारून कड तयार केली. मातीच्या प्रयोगशाळेतले दोघं पाठीवर पाण्याचे पंप घेऊन उभे. क्लेमंट गाडीपाशी. सोल्वेग पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यावर, हातात आग झोडपायचं रबरी फडकं. पिवळ्या अंगरख्यात ती आणखीच बारीक दिसत होती. नेटीनं पेटतं तेल ठिबकवायची झारीसारखी मशाल उचलली, तेल हलवून बघितलं. शेवटची आग! आणि काय वारा दिला होता देवानं, मागून घेतल्यासारखा!

"क्लेमंट, हो की नाही?"

"हो."

मातीवाले दोघं म्हणाले, हो. हो.

"सोल्वेग?" नेटीनं विचारलं, आणि विचारता विचारताच दुसऱ्या हातानं खिशातून लायटर काढला.

"नाही," सोल्वेग म्हणाली.

नेटीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"नाही, बाबा."

पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. नेटीनं वाऱ्याकडे बघितलं. तोच, तसाच, दक्षिणेचा. दलदलीकडे बघितलं, हायवेकडे बघितलं. काही म्हणजे काही वावगं दिसेना. अगं बये, तुझाच पट्टा आहे ना हा? तुझीच वर्षं ना? तिच्या ओठावर 'का' आलाच होता. अर्धा बाहेरही पडला असेल. तेवढ्यात क्लेमंट खाकरला आणि उगाच कान खाजवायला लागला.

"बरं," नेटी म्हणाली. "सामान गाडीत भरा."

परतताना गाडीत मातीवाल्यांतला एक पुटपुटला, "स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच."

"उतर," नेटी म्हणाली.

"अगं, मी नुसतं..."

"उतर आणि चालत ये. चालताना काय बडबडायचं ते बडबड."

तो खरंच उतरला. वारा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला, जरासुद्धा फिरला नाही. नेटी खिडकीशी उभी राहून झेंड्याकडे बघत होती. फिरला असता तर तिला किती बरं वाटलं असतं! रात्री पाऊस आला, आणि त्या आठवड्यात टेकडी हिरवीगार झाली. इतकं सुंदर हिरवं, आणि नेटीला ते बघवेना.

विभागप्रमुख डॉक्टर फेनविक यांनी तिला बोलावून घेतलं. "त्या दिवशी नेमकं काय झालं, नेटी? वारा?"

"वारा ठीक होता."

"मग ओलावा?"

"तोही ठीक."

"अहो, मला वर काहीतरी कळवायला हवं! कारण काय लिहू?"

"लिहा, एकाचं 'नाही' आलं."

"कुणाचं?"

"माझ्या माणसांपैकी एकाचं," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

फेनविकसाहेबांपुढे तिनं मोठा तोरा मिरवला, पण आतून ती पोखरून निघत होती. भीती वाटली का पोरीला? काही दिसलं का तिला, जे मला दिसलं नाही? की उगाच, पोटात गोळा आला म्हणून? तिनं अवजारांची खोली दोनदा आवरली. पंपांचे वॉशर बदलले, बदललेले पुन्हा बदलले. बहिणीचा फोन आला तर तिच्यावरच डाफरली. क्लेमंट म्हणाला, "माझ्या वेळी मलाही कारण ठाऊक नव्हतं, बरं का." ती म्हणाली, "तुला विचारलंय का कुणी?"

मग एका सकाळी सोल्वेगच अवजारांच्या खोलीत आली. डोळे सुजलेले, हातात दोन कॉफ्या. "बाबा, मला त्या दिवसाचं सांगायचंय. का म्हणाले ते."

"नको."

"पण मला सांगू दे. तू मनात काय काय धरून बसली असशील. मी त्या दिवशी..."

"सोल्वेग!" नेटी एवढ्यानं ओरडली की कॉफी हिंदकळली. "एक शब्द बोलू नकोस. मला ऐकायचंय. देवाशपथ, माझा जीव जातोय ऐकण्यासाठी! म्हणूनच सांगते, नको. तू सांगितलंस की मी ते तोलणार. कारण भारी निघालं, तर पुढच्या पोरानं तेवढंच भारी कारण आणावं असं मला वाटणार. हलकं निघालं, तर मी तुला जन्मात क्षमा करणार नाही. आणि मग पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?"

सोल्वेग उभ्या उभ्या रडायला लागली. "पण तू शब्द दिला होतास, आणि मीच तो मोडायला लावला. आता पट्ट्याचं काय होणार? तू तर निघालीस."

नेटीनं कॉफीचा घोट घेतला, जीभ भाजून घेतली, युक्रेनियनमध्ये कॉफीचा उद्धार केला.

"पैशाचं फेनविकशी बोल. त्याला पाझर फुटत नसेल तर मी बोलते, मला तो घाबरतो. आणि मी कुठे निघाले? बहिणीला आज कळवणार आहे. अजून एक वसंत थांबतेय मी." ती दाराकडे निघालीच होती, मधेच वळली. "पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यावर उभं राहायचंस. मी विचारीन, हो की नाही. आणि तेव्हाही नाही वाटलं, तर नाहीच म्हणायचं. कळलं?"