दाजींनी नाव काढलं

पोरगं पुढं नाव काढील, असं माणसं म्हणतात. आमच्या दाजींनी दर सत्राला नाव काढलं, आणि तेही माझ्याच खिडकीत येऊन.

आमच्या नाकोडा जमातीचं कॉलेज म्हणजे कॅनडाच्या सीमेअलीकडं, मिल्क नदीच्या अंगाला दोन बैठ्या इमारती, मागं वेल्डिंगची शेड आणि चहूबाजूंनी वारा. तिथं नावनोंदणीच्या खिडकीत मी बसते. कोण कुठल्या वर्गाला बसलं, कुणाला क्रेडिट मिळालं, कुणी मधूनच वर्ग सोडला, सगळं माझ्या हाताखालून जातं. आल्विन यलोकोट हे माझ्या थोरल्या बहिणीचे, डेल्फिनचे नवरे. उभा जन्म गुरांमागं गेला. आमच्यात मेहुणीनं दाजीची आणि दाजीनं मेहुणीची थट्टा उडवायची, ही रीत. जो गप्प बसला तो रुसला समजायचं.

डेल्फिन आजीजवळ वाढली, म्हणून नाकोडा बोली तिच्या तोंडात पाण्यासारखी. मी मिशनच्या शाळेत वाढले, तिथं नुसती इंग्रजी. मला ऐकून कळतं, बोलायला गेलं की जीभ अडते. डेल्फिन गेली आणि दाजींच्या घरातली बोली तिच्यामागं गेली. बोलीत भांडता येईल असं माणूस आमच्या आसपास उरलं नाही. काही दिवस दाजी कुत्र्याशी बोलले. ते आधीच म्हातारं, पुढं बहिरं झालं.

मग एक दिवस खिडकीत टोपी दिसली.

“बर्निस, बोलीच्या पयल्या वर्गात घाल मला.”

“अहो दाजी, तिथं ‘माझं नाव अमुक, मी भाकरी खाल्ली’ शिकिवत्यात. तुमी तर आईच्या पोटातनंच शिकून आलाय.”

“मग तू ये घरला बोलायला. येतीस?”

मी गुमान नाव घातलं.

वर्ग जोलीन घ्यायची. तरणी बाई, जुन्या टेपा ऐकून ऐकून बोली शिकलेली. तिच्या वर्गात जोडीजोडीनं बसायचं आणि एकमेकाला विचारायचं: कुठनं आलास, तुझी आई कोण, जेवलास का. दाजी मागच्या बाकावर. त्यांच्या जोडीला कधी नर्सिंगची पोरगी, कधी तेलाच्या विहिरीवरनं सुटून आलेला बाप्या. एकदा त्या पोरीला विचारायचं होतं, “जेवलात का?” आणि तोंडातनं गेलं, “तुम्हाला खाल्लं का?”

दाजी म्हणाले, “अजून न्हाई. पण गिधाडं बघून गेलीत.”

जोलीननं सगळ्यांना त्याचा अर्थ सांगितला तशी बाकं हलली. दाजींचं हसणं मला भिंतीपलीकडं ऐकू आलं. डेल्फिन गेल्यावर पहिल्यांदाच.

आता अडचण अशी, की वर्ग पुरा करून पास झालं की क्रेडिट मिळतं, आणि क्रेडिट मिळालं की त्याच वर्गात पुन्हा बसता येत नाही. वरचे वर्ग होते, पण कागदावर; पोरंच मिळत नव्हती. म्हणून दाजी वर्ग सोडायच्या शेवटच्या तारखेला हटकून खिडकीत यायचे.

“काढ नाव.”

नाव काढलं की पास नाही, नापास नाही. पुढच्या सत्राला कोऱ्या पाटीसारखे पुन्हा पहिल्या वर्गात हजर. असं तीन सत्रं चाललं. चौथ्या खेपेला कॉम्प्युटरनंच नाव अडवलं. तीनदा वर्ग सोडला की डीनसाहेबांची परवानगी लागते, हा नियम.

डीनसाहेब आमच्यातलेच, शहरात शिकून माघारी आलेले. माणूस चांगला. चांगल्या माणसाचाच ताप फार. ते कळवळून म्हणाले, “यलोकोटकाकांना आपण पहिल्या वर्गात बसवतोय? लाज वाटली पाहिजे आपल्याला. परीक्षा घ्या आणि चारी वर्गांची क्रेडिट देऊन टाका.”

“आणि नापास झाले तर?” मी विचारलं.

ते हसले. “तर बसू देत पुन्हा खाली.”

मी संध्याकाळी दाजींकडं गेले. सगळं सांगितलं.

“म्हंजे पास झालो तर भाईर,” दाजी म्हणाले.

“व्हय. तवा तोंड शिवून बसा. कायबी विचारलं तरी येत न्हाई म्हणा.”

“त्यात काय. तुझ्या बहिणीनं लई सराव करून घेतलाय गप्प बसायचा.”

परीक्षा घ्यायला आमच्याकडं माणूस कुठला? मग सीमेपलीकडून, कॅनडातल्या नाकोडा वस्तीतून एक म्हातारी आणली. अगाथा तिचं नाव. फोनवर तिला काही ऐकू येत नाही, म्हणून तिच्या नातवानं दिवसभर गाडी हाकत आणली. मी सुक्या मांसाचं सूप घेऊन तिथंच बसले.

जोलीननं चित्रं दाखवली. दाजींनी घोड्याला कुत्रा म्हटलं. पाण्याला मान हलवली. जोलीन पार गोंधळली. मला आत बरं वाटत होतं. मग अगाथानं चित्रं बाजूला सारली, दाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बोलीत म्हणाली,

“एवढा थोराड दिसतोस, आन् तोंडात जीभ न्हाई? बायकोनं काढून ठिवली का काय?”

दाजींचे कान लाल झाले. मी टेबलाखालून पाय मारला. काही उपयोग झाला नाही.

“काढून न्हाई ठिवली,” ते बोलीतच म्हणाले. “जाताना संगं घेऊन गेली.”

मग दोघं जे बोलत सुटले! कोण कुणाचं, कुणाच्या घोडीनं कुणाला पाडलं, कुठल्या आत्यानं कुणाला झाडूनं हाणलं. ती एक शिवी देई, हे दोन देत. जोलीन लिहायचं सोडून नुसती बघत राहिली. सूप गारढोण झालं, वर चरबी गोठली. उजेड कमी झाला तसा नातवानं आजीला उठवलं. दाजी गाडीपर्यंत गेले, गाडी वळणाआड झाली तरी तिथंच उभे राहिले.

आले आणि मला म्हणाले, “झालो पास.”

मी गार सूप परत डब्यात ओतलं.

कॉलेजनं त्यांच्या खांद्यावर चांदणीची गोधडी घातली, आमच्यात शालीसारखा तो मान. डीनसाहेब म्हणाले, “काका, आता वर्गात यायचं ते मानाचे पाहुणे म्हणून.” पुढं खुर्ची मांडली. दाजी आशेनं गेलेही. पण पुढं बसलेल्या वडीलधाऱ्यासमोर कोण तोंड उघडणार? मागच्या बाकावर होते तोवर पोरं बिनधास्त चुकायची. आता माना खाली. जेवलास का म्हणून कुणी विचारीना. पोरांना चुकायची भीती, आणि ह्यांनी बोलावं तर समोरून नुसता मान. तास दोन तास बसायचे आणि गोधडी काखेला मारून निघायचे. मग यायचे बंद झाले.

हिवाळ्याच्या सत्राला टोपी पुन्हा खिडकीत.

“वेल्डिंगला घाल.”

“दाजी, डोळ्यांनी दिसतं का तुमाला?”

“तिथं जोडीला माणूस देत्यात न्हवं?”

मी नाव घातलं. वर्ग सोडायची शेवटची तारीख आली, दाजी काही फिरकले नाहीत. सवयीनं मीच उठून शेडकडं गेले. वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर सारून ते बाकावर बसले होते, बूट ठिणग्यांनी जळलेले.

“नाव काढायचं का? आज शेवटचा दिस.”

“ऱ्हाऊ दे. हितं मला खरंच काय येत न्हाई. पास व्हायची भीतीच न्हाई.”

“आन् जोडीदार? बोलतो का?”

“त्याला बोली कुठली यायला. आन् मशीन चालू झाल्यावर कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाई. तवा मीच बोलून घेतो.”

“काय बोलता?”

“तुझ्या बहिणीला शिव्या देतो.”

“मग? ती काय म्हणती?”

दाजींनी काच खाली ओढली.

“ती कवा माझं ऐकून घेत हुती?”