तीन बोटांची फट

चहाचे कप आधी खाली ठेवा, मगच सांगते. मागे एकदा हा किस्सा सांगताना वन्संच्या नाकातून चहा आला होता. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण नवी हिरवी साडी नेसून, पाटावर बसून, पाच सवाष्णींच्या साक्षीनं केलेला गाढवपणा हा एकच!

तर झालं असं. माझी गार्गी आठ महिन्यांची झाली तरी माझं पोट काही आत जाईना. आता पोट सुटणं वेगळं. ते सगळ्यांचंच सुटतं, पुरुषांचं तर बाळंतपणाशिवाय सुटतं. माझं तसं नव्हतं. आडवी पडलेली मी उठायला गेले की बेंबीच्या वर, मधोमध, एक लांबट उंचवटा यायचा. आणि तासभर बसलं की कंबर अशी धरायची की उठताना भिंत शोधावी लागायची.

आणि कंबर धरून मला चालणार नव्हतं. माझं सासर हमरापूरचं. घराला लागूनच आमचा गणपतीचा कारखाना, आणि तिथे डोळ्यांची आखणी माझ्याकडे. अंगाचा रंग कुणीही मारेल, पण डोळा आखायला हात लागतो. एक रेघ चुकली की बाप्पा झोपेतून उठवल्यासारखा दिसतो. सासूबाईंनी कितीतरी वर्षं आखणी केली, आणि मोतीबिंदू झाल्यावर ब्रश माझ्या हातात दिला. कालच्या सुनेच्या! त्या ब्रशावर माझी चुलत जाऊ वैशाली केव्हापासून टपून होती. तिला का नाही दिला? तिनं आखलेला गणपती एका डोळ्यानं भक्ताकडे बघतो आणि दुसऱ्यानं मोदकाकडे, म्हणून.

तेव्हा काहीही करून सीझनच्या आधी मला माझ्या जागेवर बसायचं होतं. नाहीतर यंदाचे बाप्पा चकणे, हे ठरलेलं.

उपाय सांगायला तर अख्खी आळी तयार. बाईच्या पोटाबद्दल बोलायला डिग्री लागत नाही ना! शेजारच्या जनाकाकी म्हणाल्या, "ओव्याचा शेक घे गो." पलीकडची म्हणाली, डिंकाचे लाडू जास्त झाले. एकीनं फोनवरचा व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई हसत हसत पाठीवरून उठत होती आणि झोपत होती. मी शिकलेली ना, मला ओव्यापेक्षा व्हिडिओ पटला. पंधरा दिवस रोज शंभर वेळा उठले आणि झोपले. उंचवटा आणखी वर आला. त्या बाईच्या हसण्याचं कारण मला तेव्हा कळलं.

सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. "बालंतपणात पोट बांधलं नाय नीट. रोह्याची मानसं ती, त्यांना कसलं येतंय?"

झालं! माझं बाळंतपण रोह्याला, माहेरी. माझ्या आईनं जुन्या मऊ लुगड्यानं माझं पोट असं आवळलं होतं की खाल्लेला घास परवानगी काढून खाली उतरायचा. आणि तिला येत नाही? मी ताडकन म्हणाले, "माझ्या आईला बोलायचं काम नाही!" आणि त्या दिवसापासून अबोला धरला. एका घरात राहून सासूशी अबोला धरणं म्हणजे काय, ते धरणारीलाच ठाऊक. "मीठ कमी आहे" हेसुद्धा मी मांजराला सांगत होते.

मग मी पेणला गेले. तिथे एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, त्यांना कंबर, उंचवटा, व्हिडिओ, सगळं सांगितलं. त्यांनी मला आडवं केलं, मान किंचित उचलायला लावली आणि पोटावर बोटं आडवी ठेवून दाबली. तीन बोटं आत गेली की हो!

"गरोदरपणात पोटाचे दोन्हीकडचे स्नायू बाजूला सरकतात," मॅडम म्हणाल्या. "तुमचे अजून जवळ आलेले नाहीत. मध्ये तीन बोटांची फट आहे. पोटाचा आधार गेला, म्हणून कंबर दुखते."

"यात माझ्या आईची चूक?" मी आधी तेच विचारलं.

"अजिबात नाही. पण ते व्हिडिओ बघून उठायचं खूळ कुणाचं होतं?"

ते कुणाचं होतं, हे मी सांगितलं नाही.

मॅडमनी श्वासाचे आणि पोट आत घ्यायचे दोन-तीन व्यायाम शिकवले आणि नियम घालून दिले. जड उचलायचं नाही. वाकून काम नको. उठताना एकदम उठायचं नाही, कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं. दीड-दोन महिने पोटाला जपायचं.

मी तर विजयी मुद्रेनं घरी आले. पण सासूबाईंना हे सांगणार कोण? आमचा अबोला! तेव्हा मी नवऱ्याला गाठलं. संदेश डोलवीच्या प्लँटमध्ये कंत्राटी कामावर. शिफ्ट करून आलेला माणूस आधीच कमी बोलतो, हा तर उपजतच तोंडातले शब्द जपून वापरणारा. त्याला मी स्नायू, फट, आधार, आईची चूक नाही, सगळं नीट पाऊण तास समजावलं. तो "हं" म्हणाला, स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं आपल्या आईला सांगितलं ते असं:

"हिला डॉक्टरीण बोलली, जड उचलायचा नाय. कुशीवर वलून उठायचा. पोटाला जपायचा."

बस. एवढंच. पाऊण तासाचा रस्सा आटवून त्यानं तीन वाक्यांचा मसाला आईच्या हातावर ठेवला. मी बाहेर कान देऊन होते. म्हटलं, मुद्दा पोचला ना, पुरे. सासूबाई बाहेर आल्या. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, वरून खाली, आणि मग खालून मध्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची कळशी उचलायला गेले तर ती हातातून काढून घेतली. "ठेव गो. मी हाय ना!" अबोला त्यांनी मोडला, मी नाही, हे लक्षात घ्या.

त्यानंतर तर विचारूच नका. केर त्यांनी काढला, भांडी वैशालीला घासायला लावली. गार्गीलासुद्धा माझ्या मांडीवर त्याच आणून द्यायच्या. एका रविवारी खाडीतला जिताडा मासा आणला, तर मधली जाड तुकडी, जी आमच्याकडे जावयाच्या नाहीतर सासऱ्यांच्या ताटात पडते, ती माझ्या ताटात! सासरे शेपटीकडे बघत गप्प जेवले. दुपारी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. मी म्हटलं, बघा, क जीवनसत्त्व, स्नायू भरून यायला चांगलं. कारखान्यात रंगाचा वास नको म्हणून मला ओटीवर खुर्ची. मी म्हटलं, बघा, कमरेला टेकायला पाठ.

आणि मी? खुर्चीत बसून मनातल्या मनात या सगळ्या बायकांची कीव करत होते. म्हटलं, अडाणी बिचाऱ्या! डॉक्टरांचा एक शब्द गेला तर कशा सुतासारख्या सरळ आल्या. जनाकाकी हळूच यायच्या, माझ्या पोटाकडे बघून, "बरं वाटतंय ना गो?" विचारायच्या आणि सासूबाईंशी कुजबुजायच्या. माझ्यासमोर मोठ्यानं कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं, वरमल्यात.

मग एक दिवस रोह्याहून आईचा फोन. आवाज रडवेला. "मला का नाय सांगितलंस? विहीणबाईंकडून कळायचं मला?"

मी म्हटलं, "अगं, त्यात सांगायचं काय? दर दुसऱ्या बाईला होतं."

"पन एवढ्या लवकर?"

"लवकर कसलं? उशीरच झाला. गार्गी झाली तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं."

पलीकडे आईनं नाक ओढलं. मग म्हणाली, "आणि जावई काय म्हनतात?"

"त्याला काय कळतंय यातलं!"

आईनं फोन ठेवला. मला म्हणायचंय काय, की एवढ्यावरून एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी बीएस्सी आहे.

दीड महिना झाला. मॅडमनी पेणला तपासलं, फट कमी झाली होती, कंबरही सैल झाली होती. आता हळूहळू बसायला हरकत नाही म्हणाल्या. मी आनंदात घरी आले, तर घरात आई! रोह्याहून एसटीनं आलेली, हातात पिशवी, डोळ्यात पाणी. सासूबाईंनी तिला आपल्याजवळ पाटावर बसवलं होतं. रोह्याच्या माणसाला! आणि जनाकाकी, वैशाली धरून पाच बायका सतरंजीवर.

सासूबाईंनी माझ्या हातात कोरी हिरवी साडी ठेवली. "नेस आणि ये."

आता तुम्ही म्हणाल, तरी कळलं नाही? अहो, आमच्याकडे सवाष्ण बाई आली की ओटी, गेली की ओटी. नारळ आणि तांदूळ पदरात पडायला काही कारण लागतं का? मी आपलं समजले, विहिणीला बोललेल्याची ही भरपाई. माझ्या आईचा मान राखताहेत. माझा ऊर भरून आला. साडी नेसून मी अशा काही रुबाबात पाटावर बसले की विचारू नका. हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली, आईनं पेढा भरवला आणि डोळे पुसले. माझेही पाणावले. म्हटलं, शेवटी सत्याचा जय झाला.

तेवढ्यात सासूबाई वैशालीकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "यंदाची आखनी तू करायची. ब्रश आजच घेऊन जा."

मी पाटावरून उठलेच. कुशीवर वळले नाही, हाताचा आधार नाही, काही नाही, सरळ उठले. पदरातला नारळ गडगडत जनाकाकींच्या पायापाशी. "का? मी काय मेले?"

"बस गो, बस! असा उठायचा नाय!" पाचही जणी ओरडल्या.

"आखणी माझी आहे! मी दीड महिना कशासाठी जपलं? आता मला मॅडमनी बसायला सांगितलंय. त्या वैशालीच्या हाती बाप्पाचे डोळे?"

"अगो, गनपतीला तुला सातवा लागंल," सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आठ-आठ तास वाकून बसशील? तो रंगाचा वास? पोटातल्या जिवाचा तरी इचार कर."

"कसला सातवा? कुणाच्या पोटात?"

सगळ्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. मीही बघितलं. मग साडीकडे बघितलं, बांगड्यांकडे, पेढ्याकडे, आईच्या रडून लाल झालेल्या नाकाकडे. आणि माझ्या बीएस्सीच्या डोक्यात उजेड पडला. तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, दृष्ट लागू नये म्हणून नाव न घेता भरतात ती चोर ओटी! माझी! आणि ती भरून, पेढा गिळून मी मोकळी झाले होते.

"अहो, मी गरोदर नाहीये!" मी किंचाळले. "ते माझे स्नायू आहेत!"

मग ते स्नायू, ती फट, बोटं, सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी मधे नवरा न घालता. सासूबाई भडकल्या. "पोर अंगावर पितंय, म्हयन्याच्या पालीचा पत्ता नाय. पोट पुढं. डॉक्टरीण म्हनते जपा. मी काय समजायचा? पोराला असला इचारायचा व्हय मी?"

संदेश तेव्हाच शिफ्टवरून येऊन दारात उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी हिनं सांगितला तेवढाच बोललो." आणि मोरीकडे निघून गेला. लग्न झाल्यापासूनचं त्याचं सगळ्यात लांब भाषण!

जनाकाकींनी मघाचा नारळ मांडीवर घेतला होता. त्यांनी मला निरखून बघितलं. "पन काय गो, तुला दीड महिना हातावर झेलली. कलशी नाय, केर नाय. जिताड्याची मधली तुकडी दिली. तुला काय वाटला, ह्या सगल्या कशासाठी?"

आणि मी, हिरव्या साडीत, अगदी खरं सांगितलं.

"मला वाटलं, आईंना माझं म्हणणं पटलं."

मग जनाकाकी सतरंजीवर आडव्याच झाल्या. वैशालीला ठसका लागला. एकीनं पदर तोंडात कोंबला. "सासूला! सुनेचा! पटला!" असं एकेक शब्द सुटा करून जनाकाकी म्हणत होत्या आणि प्रत्येक शब्दाला नव्यानं हसत होत्या. माझी सख्खी आई, जिच्या मानासाठी मी हे सगळं रामायण घडवलं, ती विहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. रोहा विरुद्ध हमरापूर हे भांडण तिथेच मिटलं.

आखणी मला परत मिळाली. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः ब्रश आणून दिला, मागे टेकायला उशीही दिली. मी म्हटलं, "आई, म्हणजे मॅडमचं पटलं ना तुम्हाला?"

"नाय," त्या म्हणाल्या. "वैशालीनं काल एक गनपती आखून दाखवला."