साडूंची झडप

आपल्या काळजाचे ठोके चहाबरोबर पाहुण्यांना ऐकवणारे माझे थोरले साडू हे रत्नागिरीतलेच काय, अख्ख्या कोकणातले एकमेव गृहस्थ असावेत. त्यांच्या छातीत अधूनमधून धडधडू लागलं. कार्डिओग्राम चांगला निघाला, पण डॉक्टरांना नळीतून एक बारीकसा जादा आवाज आला. इको नावाची तपासणी तेव्हा नवी होती आणि तिचं यंत्र आमच्याकडे आलेलं नव्हतं, म्हणून साडू मुंबईला जाऊन रिपोर्ट घेऊन आले. डॉक्टरांनी मलाही समोर बसवून समजावलं, "एक झडप मिटताना किंचित मागे फुगते, थेंबभर रक्त उलटं जातं. पुष्कळांचं असतं. औषध नको, पथ्य नको. खुशाल हिंडा-फिरा." साडू बाहेर आले ते पांढरेफटक पडून. मला म्हणाले, "काही नाही म्हणतो! कोळीण बांगडा ताजा आहे म्हणाली, म्हणून आपण कल्ला उघडून बघायचा सोडतो काय?"

मग त्यांनी स्वतःच कल्ला उघडायचं मनावर घेतलं. कंपाउंडरकडून जुनी नळी मिळवली आणि जो घरात येईल त्याच्या कानांना ती अडकवून दुसरं टोक आपल्या छातीवर धरू लागले. विमा एजंट सुटला नाही, आरतीला आलेले भटजी सुटले नाहीत. "ऐकलंत? टिक् झालं ना?" ज्याला ऐकू येत नसे तो त्यांच्या मते एकतर बहिरा, नाहीतर जळका. एका शेजाऱ्याने रेडिओसारखी खरखर ऐकू येते म्हणून सांगितलं, तर साडूंनी त्याला जेवायलाच ठेवून घेतला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, हिला तर सकाळ-संध्याकाळ ऐकावं लागे. "आहे हो, जाग्यावर आहे," म्हणून ती नळी काढी आणि चुलीकडे वळे.

साडूंचं घर डोंगराच्या उतारावर, रस्त्यापासून चिऱ्यांच्या पायऱ्यांची उंच पाखाडी चढून जावं लागे. रिपोर्ट आल्यापासून त्यांनी कळशीला हात लावणं सोडलं. बाजारातून येताना पाखाडीच्या मध्यावर बसल्याशिवाय त्यांचं पुढे पाऊल पडत नसे, आणि चिरे ओले असतात म्हणून बसायला लोखंडी घडीची खुर्ची लागे. ती अक्का आणायची. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात पिशवी. साडू छातीवर हात ठेवून बसत आणि ती खालच्या पायरीवर कडेच्या दगडी गडग्याला धरून तोंडाने श्वास घेत उभी राही. येणारे-जाणारे थांबून साडूंची चौकशी करत. माझ्या बायकोने एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? वय झालं बाय आता. ह्यांचं बघा आधी."

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या धांदलीत अक्काला आडवं होता येईना, पडलं की दम कोंडायचा. भिंतीला टेकून बसायची आणि पित्त आहे म्हणून सुंठ चाटायची. ओठ निळे पडले तेव्हा कुठे आम्ही घाबरलो. त्याच खुर्चीत बसवून चौघांनी तिला पाखाडी उतरवली. डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. "लहानपणी सांध्यांचा ताप आला असणार. त्यानेच झडप आखडलीय, आजची नाही. ह्यांना कधी कोणी तपासलं नव्हतं?" अक्का दुसऱ्या दिवशी गेली. घरी आल्यावर साडूंनी खुंटीवरची नळी काढली. म्हणाले, "रोज दोनदा ती कानाला लावून घेत होती. एकदा तरी उलटी धरायची होती मी."

साडूंची झडप डॉक्टरांच्या मते अजून होती तशीच आहे. पाणी तेच भरतात, नळी पाहुण्यांना दिसत नाही. घर इतकं गप्प झालंय की तिथे जायला नको वाटतं, आणि गेल्याशिवाय राहवतही नाही. गेल्या महिन्यात आम्ही पाखाडी चढत होतो, तर साडू वरून खुर्ची खांद्यावर घेऊन उतरत आले. मध्यावर त्यांनी ती उघडली, पंच्याने पुसली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बस गो बाय. धाप लागते काय तुला? खरं सांग."

"नाही हो, भावोजी."

"तीपण असंच म्हणायची," साडू म्हणाले, आणि खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

तिला धाप लागली नव्हती. पण ती बसली.