केतकीची अडलेली मेल

“मोठेबाबा, वो बोल रहे हैं मेल सुबह ही भेज दिया। लिंक उसी में है। पाँच बजे तक कन्फर्म नहीं किया तो सीट दूसरे को।”

केतकी, माझ्या धाकट्या भावाची, इथल्या पोरांसारखी हिंदीतच बोलणारी मुलगी, पुरानी बस्ती मोहल्ल्यातून स्कूटीवर थेट आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आली होती. एम.एस्सी.च्या अॅडमिशनची संस्थेकडून येणारी मेल येत नव्हती. बारा वाजले होते. आणि फॉर्मवरचा ईमेल पत्ता माझ्या सर्व्हरवरचा होता. तो मीच आग्रह करून द्यायला लावला होता.

मी रेल्वेच्या टेलिकॉममधून रिटायर झालो. तेव्हापासून एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरच्या सगळ्यांची मेल मीच चालवतो. आपलं पोस्ट ऑफिस आपल्या घरात, असा माझा तोरा.

डिस्क भरली की मेल अडते. भरली नव्हती. मग फोनमधल्या माझ्याच दुसऱ्या पत्त्यावरून टेस्ट मेल पाठवली. लगेच आली.

“सर्व्हर ठीक आहे. त्यायनंच पाठवली नसंल,” मी म्हणालो.

“पयले आपलं पाहा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “मागच्या हप्त्यात काय करून राह्यले होते त्याच्यात?”

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरचं आवक-जावक रजिस्टर. संस्थेची मेल सकाळपासून चार वेळा दारात येऊन गेली होती. चारही वेळा माझ्या सर्व्हरने सांगितलं होतं, नंतर या.

याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा परत पाठवायचं. खरा असेल तर तो थोड्या वेळाने पुन्हा येतो, स्पॅमवाला बहुतेक येत नाही. जाहिरातींना वैतागून मागच्या आठवड्यात मीच ते सुरू केलं होतं. पण मोठ्या संस्थांची मेल अनेक मशीनींवरून निघते. दर वेळी वेगळी मशीन आली, आणि माझ्या सर्व्हरला प्रत्येक जण नवाच. माझी टेस्ट मेल ओळखीची, म्हणून सरळ आत. हात दाखवून अवलक्षण. पोरीसमोर मला लाज वाटली.

ग्रेलिस्टिंग बंद केलं. पण परत गेलेली मेल ओढून आणता येत नाही, ती पाठवणाऱ्याच्या वेळेनेच येते. केतकीने संस्थेला फोन लावला. मेल सिस्टीममधून आपोआप जाते, आम्हाला पुन्हा पाठवता येत नाही, असं उत्तर मिळालं.

“मोठेबाबा, नहीं आया तो?”

“येईल बेटा. सकाळपासून चार डाव आली ना.”

बोललो खरं, पण लॉगवरून नजर हटत नव्हती. तीन वाजले, चार वाजले. बायकोने ठेवलेला चहा दोघांचाही तसाच राहिला.

चार वीसला मेल आली. केतकीने लिंक उघडली, कन्फर्म केलं आणि मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गळ्यात पडली. माझ्याकडे नंतर आली.

टेस्ट अनोळखी पत्त्यावरून करावी, ओळखीच्याला दार कोणीही उघडतं. हे मी वहीत लिहून ठेवलं.

जाण्याआधी केतकीने संस्थेच्या साइटवर आपला ईमेल पत्ता बदलला. मला काही बोलली नाही. पत्ता बदलल्याची सूचना जुन्या पत्त्यावर, म्हणजे माझ्या सर्व्हरवर आली. पहिल्याच फटक्यात.