आत्याने न सांगितलेलं नाव

टॉवेलच्या काठाचा एकेक दोरा ओढून ओवी बोटाला गुंडाळत होती, बोट पांढरं पडेपर्यंत. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. माझी धाकटी बहीण सुमा अगदी असंच करायची. तिला स्किझोफ्रेनिया होता. माझी ओवी वर्षाची व्हायच्या आत ती गेली. पोरीला आत्या आठवणं शक्यच नाही.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आम्ही मात्र सुमाला आतल्या खोलीत बसवलं आणि चुलतबहिणीला पुढे केलं. जणू नावाबरोबर सुमाचा आजारही कानातून आत शिरणार होता! यायचं ते तर पाळण्याच्या कितीतरी आधी, माझ्याच रक्तातून आलं असेल. किंवा आलंही नसेल. डॉक्टरांना मागे विचारलं होतं. ते म्हणाले, "धोका थोडा जास्त असतो, इतकंच. होईलच असं नाही." त्या 'थोडा'वर मी पंधरा वर्षं पहारा देतोय.

ओवीने मान वर केली.

"बाबा, असं काय बघताय?"

"काही नाही गं."

सुमाही असंच विचारायची. तिलाही मी हेच सांगायचो.