बसा की शेजारी!

अन्याय झाला तो आमच्या वसाहतीतल्या आक्कावर. कधी? आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, भर सकाळी, ड्रायव्हिंग टेस्टच्या मैदानात. लक्षात ठेवा.

आक्काला तुम्हीही पाहिलंय. ट्रकच्या केबिनमधून शेजारच्या सीटवर थाप मारणारी बाई. "बसा की शेजारी! खात नाय मी."

नवऱ्याची कंबर धरली आणि त्यांचा ट्रक दारात उभा राहिला. सायखेड्याचा कोबी पंचवटीच्या बाजारात दुसऱ्यांच्या गाड्यांतून जायला लागला. हलक्या गाडीचं लायसन आक्काकडे होतंच. ट्रक तिला नवऱ्यानं शिकवला, शेजारी उशीला टेकून, कण्हत कण्हत. कण्हणं वाढलं की समजायचं, गिअर चुकला.

टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "मला शेजारी बसावं लागेल. परक्या बाईशेजारी बसून गावातून फिरू? लोक काय म्हणतील?" आणि 'नापास' लिहायला पेन काढलं. वा रे न्याय! गाडी अजून सुरू नाही आणि बाई नापास!

आम्ही पत्रकं वाटणारी पोरं झेंडा घेऊन हजर होतोच. "धिक्कार असो" म्हणायला मी तोंड उघडलं, तर आक्का माझ्यावरच ओरडली, "गप रे जरा!" मग साहेबांना म्हणाली, "शेजारी नको तर मागं चढा, साहेब. कोबी पण मागंच बसतो."

मैदानातले सगळे ड्रायव्हर हसले. साहेबांना चढावंच लागलं. पाठोपाठ आम्हीही चढलो.

पहिल्याच वळणावर साहेबांनी आधाराला जे हाताला लागलं ते धरलं. तो आमचा झेंडा होता. भर रस्त्यात चहावाल्यानं विचारलं, "साहेब, मोर्चा कशाचा?"

मैदानात परत आल्यावर दोन पिंपांच्या मधून रिव्हर्स घ्यायचा होता. साहेब घाबरून फळीवर थापा मारायला लागले, "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं... बाऽऽस!"

आक्कानं डोकं बाहेर काढलं. "क्लीनर झकास मिळाला!"

साहेबांनी उतरून झेंडा परत दिला, केस सारखे केले आणि 'पास' लिहिलं.

अन्याय संपला? छट्! आक्का इतकी वर्षं ट्रक चालवतेय, पण अजून शेतकरी काय, हमाल काय, सगळे मागं उन्हात कोबीवर बसतात. केबिनमध्ये नवरा तेवढा बसायचा. गेल्या साली तोही गेला. आता त्या सीटवर उशी असते. आक्का गिअर टाकते आणि क्षणभर तिकडे कान देते.

म्हणून सांगतो, सायखेड्याला जायचं असेल तर मागं चढू नका. दार उघडा, उशी मांडीवर घ्या, शेजारी बसा. आणि गिअर बरोबर पडला, तरी थोडं कण्हा.