काचेच्या पेटीतलं आईचं शास्त्र

जी गोष्ट सांगायला बसलोय ती माझ्या तोंडून अजून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही. आमच्या चर्चमध्ये तीन पाळक येऊन गेले, त्यांना माहीत नाही. देवाला माहीत आहे, पण त्यालाही मी ती कधी तोंडानं सांगितली नाही — गुडघे टेकतो, डोळे मिटतो, बाकी सगळं बोलतो आणि उठतो. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळलेलं नाही.

माझा धंदा बारदानाचा. कांद्याच्या, धान्याच्या रिकाम्या गोण्या विकत घ्यायच्या, फाटक्या शिवायच्या, पुन्हा विकायच्या. मार्केटच्या कुंपणाला पाठ टेकून, एक दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन मी सुरुवात केली. पुढे नाशकात स्वतःचं गोदाम झालं. पिंपळगावचे व्यापारी माझ्याशी भाव करायला बसले की आधी चहा मागवतात, कारण वेळ लागणार हे त्यांना ठाऊक असतं. माझा आवाज चढतो — चढवतो, असंही म्हणा. आणि या धंद्यात एक सवय लागते. आधी आकडा तोंडातून टाकायचा, तो खरा कसा करायचा ते मग बघायचं. या सवयीबद्दल मी पुढे बोलणार आहे.

आधी आईबद्दल. आम्ही मूळचे सिन्नरकडचे. वडील लवकर गेले. आईनं दवाखान्यात फरश्या पुसून मला वाढवलं. चाळिशीला आली तोवर तिला अक्षर येत नव्हतं. मग चर्चमधल्या एका बाईंनी तिला वाचायला शिकवलं, तेही एकाच पुस्तकावर — त्यांनीच दिलेल्या जुन्या छापाच्या बायबलवर. आई त्याला 'शास्त्र' म्हणायची. दुसरं काही तिला वाचता यायचं नाही. पाटी नाही, पेपर नाही, एसटीचा बोर्डसुद्धा नाही. त्या पुस्तकात मात्र कुठलं वचन कुठल्या पानावर, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, हे तिच्या बोटाला माहीत होतं. लिहायचीही त्यातच. पहिल्या कोऱ्या पानावर, वाकड्यातिकड्या अक्षरांत — तिचं लग्न, माझ्याआधी जन्मून गेलेल्या दोन मुली, माझा जन्म, वडिलांचा मृत्यू.

नव्वद साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात, मंगळवारी भरदुपारी, माझं गोदाम पेटलं. गोण्यांचा ढीग आतून धुमसतो, विझला म्हणावं तर पुन्हा धूर. मी दोनदा आत घुसलो. भुवया जळाल्या, हाती काही लागलं नाही. दोन दिवस आमच्या चर्चच्या मंडळीतलं एकही माणूस आलं नाही. पाणी मारायला शेजारचे भंगारवाले आले, समोरच्या गॅरेजची पोरं आली. ज्यांच्या लग्नामयताला मी रात्रंदिवस राबलो, त्यातला कोणी कपभर चहा घेऊन आला नाही. हा राग अजून माझ्या पोटात आहे. तो राग खरा आहे. पण त्याच्या आडोशाला मी आज उभा राहणार नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळीचे पंच दानिएलराव आले. राखेजवळ उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. हंगामात मी रविवारीही गोदाम उघडं ठेवायचो, हे त्यांना कायम खटकायचं. सोबत आणखी चौघं होते. म्हणाले, "प्रकाश, तुला किती वेळा सांगितलं. रविवार देवाचा. त्यानं त्याचा हिशेब केला."

मी काय बोललो? "हो का? मग आईचं शास्त्र का नाही जाळलं त्यानं? आतच होतं. नवा माल आला म्हणून सोमवारी प्रार्थनेला आणलं होतं. सगळं जळालं, ते राहिलं. रविवारी आणतो, हातात घेऊन बघा."

आकडा टाकला होता. शास्त्र घरी होतं, आईच्या उशीखाली.

घरी जाताना वाटलं, जुन्या बाजारातून दुसरं एखादं आणावं. पण आईचं बायबल मंडळीतली प्रत्येक बाई ओळखत होती — निळ्या कापडाचं वेष्टन, पाठीला तिनं घातलेले टाके. शुक्रवारी ती रेशनच्या रांगेत गेली, तेव्हा मी उशीखालून ते काढलं. वेष्टन उलगडलं. पहिलं पान उघडलं, आणि तिथं एक नवी ओळ होती. बुधवारी लिहिलेली, वार घालून, निळ्या बॉलपेननं:

'गोदाम जळाले. लेकरू वाचले. देवाचे उपकार.'

बघा कसं अडकलो. ज्या पुस्तकात आगीची बातमी लिहिलेली आहे, ते पुस्तक आगीत असेल कसं? ती ओळ राहिली की माझं खोटं उघडं पडणार. ओळ पानाच्या अगदी तळाशी होती. तेवढीच कापता आली असती का? कातरलेलं पान जळालेल्या पुस्तकात शोभलं नसतं. मी स्टोव्ह पेटवला. कडा शेकल्या, वेष्टन करपवलं, आणि पहिलं पान ज्योतीवर धरलं — चुकून नाही, घाईत नाही. पूर्ण जाऊ दिलं. माझ्या दोन बहिणी त्या पानावर सोडून या जगात कुठेच लिहिलेल्या नव्हत्या.

रविवारी मी पुस्तक वर धरलं. पाळक रडले. दानिएलराव सगळ्यांसमोर माझ्याजवळ आले, माझा हात धरून म्हणाले, "मला क्षमा कर, भाऊ." मी जिंकलो होतो. आई बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर होती. दोन दिवस ती घरभर शास्त्र शोधत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पयलं पान?"

"जळालं."

"बरं," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या महिन्यात मंडळीनं काचेची पेटी करून घेतली. पाळकांनी बायबलातल्या, आगीच्या भट्टीत टाकूनही देवानं वाचवलेल्या तीन माणसांच्या गोष्टीचं पान उघडून ते आत ठेवलं, कुलूप लावलं. मी आईला नवं बायबल आणलं, मोठ्या टायपाचं, सोनेरी कडांचं, दुकानातलं सगळ्यात चांगलं. तिनं चार पानं उलटली. बोट कुठंच थांबेना. "लय चांगलं हाय," म्हणाली, आणि घडी घातलेल्या साड्यांवर ठेवून दिलं. त्यानंतर ती फक्त एकच पान वाचू शकायची — पेटीत उघडं असलेलं. उपासना संपली की काचेपाशी उभी राहायची, ओठ हलवत. लोक म्हणायचे, आईचा विश्वास बघा.

एकदा धीर करून मी दानिएलरावांना म्हणालो, आईला तिचं पुस्तक परत हवंय. ते हसले. "अरे, ते आता तुमचं कुठं राहिलंय? मंडळीचं आहे. आणि इतकी वर्षं आईंना लागलं नाही, आताच का?" कोणत्याही व्यापाऱ्याला मी अर्ध्यावर आणून सोडतो. त्या दिवशी मी भाव केलाच नाही. ताणून धरलं असतं तर कोणीतरी तारखा-वार विचारले असते. मी त्यांच्याशी हात मिळवला आणि घरी आलो.

देवानं माझं शास्त्र कसं वाचवलं याची साक्ष द्यायला मला दुसऱ्या मंडळ्यांची बोलावणी यायला लागली. सिन्नरला, घोटीला, पार पेठकडच्या पाड्यांवर. घोटीला एक माणूस भेटला. त्याचं घर जळालं होतं, आणि माझी साक्ष ऐकून तो टिकून राहिला होता. माझे दोन्ही हात त्यानं कपाळाला लावले. त्याला काय सांगायचं होतं? की ते स्टोव्हवर शेकलंय? दरवेळी मी आवाज नेमका कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे आणखी चांगलं शिकत गेलो.

आता जे सांगायचं आहे — इथवर मी सरळ येऊ शकलो असतो, पण आडवळणानं आलो.

त्या रविवारनंतर आईनं प्रभुभोजन घेतलं नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा भाकर आणि द्राक्षरस देतात. मन साफ असेल त्यानं पुढे जायचं. आईनं ते आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं. वडील वारले त्या महिन्यातही पुढे गेली होती. आता ती बाकावर बसून राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "गुडघं धरत्यात." उपासनेला ती चालत येत होती, घरी चालत जात होती. मी मात्र दर महिन्याला पुढे जायचो, भाकर घ्यायचो, तिच्या समोरून परत यायचो. आठनऊ वर्षं. गप्प राहिल्यानं आपणही या खोट्यात आहोत, असं तिनं ठरवलं होतं. मला उघडं पाडायचं नाही, आणि त्या पापासकट देवाच्या ताटात हातही घालायचा नाही — या दोन्हींच्या मधे ती बसून राहिली. प्रार्थना एक दिवस चुकवली नाही. पहाटे भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. पाठ होतं तेवढं म्हणायची, पुढे पुढे तेही मधेच तुटायचं.

शेवटच्या आजारात पाळक घरी आले, प्रभुभोजन घेऊन. खाटेच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी भाकरीचा तुकडा तिच्या ओठांशी नेला. तिनं ओठ मिटले. आणि माझ्याकडे बघितलं — रागानं नाही. बाजारात दोघांचं सगळं बोलून झालेलं असतं आणि एकाच शब्दासाठी समोरचा थांबलेला असतो, तसं.

एक वाक्य लागणार होतं. पाळक समोर होते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी बोललो असतो तर तिनं तोंड उघडलं असतं. हे मला त्या क्षणी माहीत होतं. नंतर कळलं असं नाही.

मी म्हणालो, "पाळकसाहेब, तिला गिळवत नाही."

त्यांनी भाकर परत कापडात गुंडाळली, प्रार्थना केली, गेले. अर्ध्या तासानं माझ्या बायकोनं तिला चमच्यानं चहा पाजला. अर्धा कप प्यायली. दोन दिवसांनी गेली.

तिच्या थडग्याचा दगड करायला दिला तेव्हा बायको म्हणाली, गेलेल्या मुलींचीही नावं घालू या. एकीचं नाव रूथ. दुसरीचं मला माहीत नाही. आई होती तेव्हा विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर त्या जळलेल्या पानाचा विषय निघाला असता. दगडावर नुसतं 'आणि दोन कन्या' असं आहे.

दानिएलराव वारले, त्यांच्या जागी मंडळीनं मला पंच नेमलं. पेटीची किल्ली आता माझ्याकडे असते, माझ्या गोदामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी काच पुसतो. आतलं पान अजून तेच उघडं आहे.